तिसरीतला किडा डोळ्याला दिसत नाही, केमिस्ट्रीला दिसू शकतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी व्हॉट्सॲपवर तेच ते व्हिडिओ फिरायला लागतात, कोणीतरी तिसरी, म्हणजे खाडीतला खायचा शिंपला, उघडतं, चिमट्याने आतून एक पांढुरकी काडी ओढून काढतं आणि मागून आवाज येतो की बघा बघा, किडा निघाला, अजून खा शिंपले. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तो इतका फिरला की शेजारच्या काकूंनी सकाळी बाजारातून आणलेल्या ताज्या तिसऱ्या तशाच टाकून दिल्या. मी पुण्यात एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि माझं माहेर गुहागरकडचं, त्यामुळे तिसऱ्या, कालवं, खेकडे हे आमचं घरचंच खाणं, आणि त्याबद्दल अशी भीती पसरलेली बघून राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

आधी त्या काडीचं सांगते. ती किडा नाहीच. शिंपल्याच्या पोटात पचनासाठी एक जेलीसारखी, जवळजवळ पारदर्शक कांडी असते, ती सतत गोल फिरत अन्न घुसळते आणि झिजता झिजता तिच्यातून पाचक रस सुटतात, तिला क्रिस्टलाइन स्टाइल म्हणतात. बऱ्याच जातींत शिंपला उपाशी राहिला किंवा फार वेळ पाण्याबाहेर राहिला की ही कांडी विरघळत जाते, म्हणजे ती नीट सापडली तर माल ताजा आहे असं समजायला हरकत नाही, आणि काकूंनी नेमक्या त्याच तिसऱ्या फेकल्या. कधी कधी आत वाटाण्याएवढा मऊ खेकडाही निघतो, तो शिंपल्याच्या जिवावर जगतो खरा, पण शिजवलेल्या शिंपल्यात तो असला तरी माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

म्हणजे जे दिसतं ते किडा नाही, आणि जो खरा किडा असतो तो दिसत नाही. सगळी अडचण इथेच आहे.

शिंपले, गोगलगायी, खेकडे यांच्यात जे कृमी सापडतात त्यातले पुष्कळसे चपट्या कृमींच्या जातकुळीतले, पर्णकृमी म्हणतात त्यांना. यांचं आयुष्य तीन-तीन घरं बदलत जातं. पक्ष्याच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून अंडं पाण्यात पडतं, त्यातून निघालेली अळी गोगलगायीत किंवा शिंपल्यात शिरते, तिथे एकाच्या शेकडो होतात, मग शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडून दुसऱ्या प्राण्यात शिरतात आणि तिथे स्वतःभोवती कवच करून बसतात. हे कवचातलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहून बरंच लहान असतं, मांसाच्या रंगातच मिसळून गेलेलं, चिमट्याने ओढायचा प्रश्नच येत नाही. ज्या प्राण्यात ती वाढतात त्याचं काय होतं तर अळ्या त्याचं जननांगच खाऊन टाकतात, पचनग्रंथीत घुसतात, प्राणी जिवंत राहतो पण त्याची वीण बंद होते. म्हणजे खाडीत लागण वाढली तर तिसऱ्या खाणाऱ्याला काही होवो न होवो, ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचं पुढच्या वर्षीचं उत्पन्न बुडू शकतं. हा मुद्दा कुठल्याच व्हिडिओत येत नाही.

आणि एक गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. मोती वाळूच्या कणाभोवती तयार होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. जेमसन नावाच्या संशोधकाने १९०२ साली खाण्याच्या शिणाण्यांसारख्या युरोपातल्या शिंपल्यांत दाखवून दिलं की तिथले मोती बऱ्याचदा पर्णकृमीच्या अळीभोवती तयार होतात, शिंपला त्या अळीला थरावर थर चढवून गाडून टाकतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

आता हे कृमी शोधायचे कसे. जुनी पद्धत म्हणजे मांसाचा तुकडा दोन काचांमध्ये दाबून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. दुसरी पद्धत मला शिकवायला आवडते कारण ती उघड उघड केमिस्ट्री आहे, पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन ३७ अंशांवर आपल्या पोटाचीच नक्कल करायची, मांस विरघळून जातं पण कवचातली अळी टिकते कारण ते कवच पोटातलं ॲसिड सोसून आतड्यात जाऊन उघडण्यासाठीच बनलेलं असतं, मग गाळून खाली काय उरलं ते बघायचं. पद्धत चांगली आहे पण एकेक शिंपला करत बसावं लागतं आणि अळ्या ओळखणारा जाणकार माणूस लागतो, असे लोक दिवसेंदिवस कमी होतायत. गोगलगायींसाठी आणखी एक सोपी युक्ती आहे, प्रत्येक गोगलगाय वेगळ्या ग्लासात घालून उजेडात ठेवायची, लागण असेल तर शेपटीवाल्या अळ्या पाण्यात उतरतात. पण लागण नवी असेल तर पहिले काही आठवडे काहीच बाहेर पडत नाही आणि लागण झालेली गोगलगाय निरोगी म्हणून सुटते.

तिथे रासायनिक तपासणी कामाला येऊ शकते. कल्पना अशी की अळी दिसो न दिसो, ती प्राण्याच्या शरीरातली साखर खाते, ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेचा, साठा संपवते, अमिनो ॲसिडांचं गणित बदलते, स्वतःची टाकाऊ द्रव्यं सोडते, म्हणजे त्या प्राण्याच्या पेशींतल्या लहान लहान रेणूंची सगळी यादीच बदलते. ही यादी एका फटक्यात वाचायला एनएमआर (रेणू मोठ्या चुंबकात ठेवून ओळखणारं यंत्र) किंवा मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) वापरतात. एनएमआरमध्ये शिंपल्याचा तुकडा गोठवून, कुटून, मिथेनॉल-क्लोरोफॉर्म-पाणी यात त्याचा अर्क काढतात, पाण्याचा थर वाळवून जड पाण्यात विरघळवतात आणि पेनाच्या रिफिलीहून थोड्या जाड काचनळीत भरून मोठ्या चुंबकात सोडतात. प्रत्येक रेणूतले हायड्रोजन आपापल्या ठराविक जागी शिखर दाखवतात, त्या जागा मोजायच्या पट्टीवर ॲलनिनचं जोडशिखर १.४८ला, सक्सिनेटचं एकटं शिखर २.४ला, टॉरिन आणि बीटेन ३.२-३.४च्या गर्दीत. दहा-पंधरा मिनिटांत एका प्राण्याचा पूर्ण हिशोब समोर येतो. मास स्पेक्ट्रोमीटर याहून कितीतरी कमी प्रमाणातली द्रव्यं पकडतो पण त्याला तयारी जास्त लागते.

लागण झालेल्या गोगलगायींत रक्तातलं ग्लुकोज आणि पचनग्रंथीतलं ग्लायकोजेन घटतं हे बऱ्याच वर्षांपासून माहितीये. मग काय, साखर कमी दिसली की कृमी आहे म्हणायचं आणि मोकळं व्हायचं? इथेच लोक घाई करतात, आणि माझं सगळं म्हणणं याच ठिकाणी आहे.

शिंपला पाण्याबाहेर काढला की तो घट्ट मिटतो. आत ऑक्सिजन संपतो. मग तो ऑक्सिजनशिवाय जगायची दुसरी वाट धरतो, ग्लायकोजेन आणि ॲस्पार्टेट नावाचं अमिनो ॲसिड जाळत जातो आणि ॲलनिन आणि सक्सिनेट साठत जातं. आता विचार करा, संध्याकाळी रत्नागिरीकडच्या खाडीवर गोणीत भरलेली तिसरी रात्रभर घाट चढून पहाटे पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात येते, तिथून कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात, तिथून आपल्या पिशवीत. त्या तिसरीचं एनएमआर काढलं तर ग्लायकोजेन कमी आणि सक्सिनेट ढीगभर दिसणारच, कृमी असो वा नसो, ती बिचारी रात्रभर श्वास कोंडून आलीये. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं तेव्हा शिंपला फुगून फुटू नये म्हणून टॉरिन, ग्लायसिन, बीटेन ही पेशीतली द्रव्यं कमी करतो, तिथेही यादी बदलली. वीण झाल्यावर ग्लायकोजेन उतरतो, तिसरा बदल. नदीच्या पाण्यातले जड धातू, चौथा. उपासमार, उन्हाळा, असं किती सांगू. कृमीची म्हणून जी खूण धरायची तीच खूण या प्रत्येकाची असू शकते.

रक्ताच्या रिपोर्टात प्रत्येक आकड्यासमोर नॉर्मल रेंज छापलेली असते म्हणून डॉक्टरला कळतं की हा आकडा जास्त की कमी, तसा कॉलम आपल्या तिसरीसाठी लागेल. निरोगी तिसरीचा, तोही महिन्यामहिन्याचा, खाडीखाडीचा, नर-मादीचा, लहान-मोठ्या मापाचा. परदेशात कुठल्या थंड समुद्रातल्या शिंपल्यावर काढलेली यादी आपल्या खाडीतल्या मालाला लावून चालणार नाही, जात वेगळी, पाणी वेगळं, वर्षातून चार महिने मुसळधार पाऊस वेगळा. मशीन मिळणं अवघड नाही, मशीन पुण्यात आहे. हा कॉलम भरायचं काम कंटाळवाणं आहे, त्यात पेपरात नाव येत नाही, म्हणून त्याला कोणी लवकर हात घालत नाही.

दुसरा धोका आकड्यांचा. एका सॅम्पलमध्ये शंभर-दोनशे शिखरं आणि शिंपले मोजून वीस, असं असलं की कॉम्प्युटरला सांगा दोन गट वेगळे करून दे, तो करून देतोच, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट दिले तरी सुंदर वेगवेगळे ढीग काढून दाखवतो. त्यामुळे असा कुठलाही दावा आला की पहिला प्रश्न हा विचारायचा की नवे, कधीच न पाहिलेले शिंपले देऊन, तपासणाऱ्याला त्यांची लागण माहीत नसताना, पद्धत चालली का. आणि किती शिंपले तपासले हेही विचारायचं. साधं गणित आहे, एखाद्या खाडीत शेकडा ५ शिंपल्यांना लागण असेल तर त्यातला निदान एक तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ५९ शिंपले तपासावे लागतात, लागण शेकडा १ असेल तर २९९. पाच-दहा तिसऱ्या उघडून किडा नाही म्हणून सर्टिफिकेट देणं आणि एक काडी बघून किडा आहे म्हणणं दोन्ही सारखंच चुकीचं.

मला विचाराल तर रासायनिक तपासणीने डीएनए तपासणीची जागा घ्यायची नाहीये. पीसीआर या डीएनए तपासणीने कृमी कोणत्या जातीचा ते कळतं, रासायनिक यादीने त्याने प्राण्याचं किती नुकसान केलंय ते कळतं. बाजारात पहिली चाळण म्हणून केमिस्ट्री आणि शंका आलेल्या सॅम्पलवर डीएनए आणि सूक्ष्मदर्शक, अशी जोडी लावली तर खर्चही आटोक्यात राहील. मी मध्यंतरी इथल्याच एका खासगी फूड टेस्टिंग लॅबला फोन करून विचारलं की शिंपल्यांत कृमी तपासता का, तर म्हणाले मॅडम बॅक्टेरिया आणि हेवी मेटल करतो, कृमीचं कोणी विचारतच नाही. कोणी विचारत नाही म्हणून तपासत नाही आणि तपासत नाही म्हणून व्हिडिओवाल्यांचं फावतं.

हे सगळं आपल्यापासून लांबचं आहे असं कोणाला वाटत असेल तर गिमवीचं उदाहरण देते, कारण ते आमच्याच तालुक्यातलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जायचं, आणि १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तिथे माणसातल्या शिस्टोसोमाचं, म्हणजे रक्तात राहणाऱ्या पर्णकृमीचं, स्थानिक ठाणं असल्याचं प्रसिद्ध केलं. तोपर्यंत हा रोग म्हणजे आफ्रिकेतला, आपल्याकडे रुजणार नाही, अशीच समजूत होती. तो वाहणारी गोगलगाय म्हणून फेरिसिया नावाची एक चिमुकली, टोपीसारख्या कवचाची जात पुढे आली, जी पाण्यातल्या पानांना चिकटलेली असते आणि सहज नजरेत भरतही नाही. एका छोट्या गावात, धीराने पाणी आणि गोगलगायी तपासणारी माणसं होती म्हणून ते कळलं. माहेरी गेले की अजून जुन्या लोकांकडून त्या दिवसांबद्दल ऐकायला मिळतं.

आता पुणेकरांसाठी जास्त जवळचा विषय, खेकडे. तिसऱ्यांमधले बहुतेक पर्णकृमी पक्ष्यांच्या पोटात जायच्या वाटेवर असतात आणि आपण तिसऱ्या शिजवूनच खातो, त्यामुळे तिसरीच्या रश्शाला घाबरायचं कारण नाही. कोरियात कच्ची कालवं खाणाऱ्यांना जिम्नोफॅलॉइडिस नावाचा कृमी झालेला आहे, पण तिथे कच्ची खातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची गोष्ट मात्र वेगळी. पॅरागोनिमस हा फुफ्फुसात राहणारा पर्णकृमी गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून माणसात येतो. त्याची पहिली ओळख झाली १८७८ साली, ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या बंगाली वाघाच्या फुफ्फुसात, म्हणजे जनावर आपल्याच देशातलं. मणिपूर, नागालँड, अरुणाचलात याचे रुग्ण सापडतात. खोकला, थुंकीतून रक्त, छातीत दुखणं, एक्स-रेवर डाग, सगळं टीबीसारखं, आणि लोक महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या खात बसतात. त्यात टीबीसाठी थुंकी ज्या पद्धतीने रंगवतात त्यात या कृमीची अंडी सहज नजरेतून सुटू शकतात, म्हणून अंडी बघायची तर थुंकी मुद्दाम त्यासाठी वेगळी बघावी लागते. निदान झालं तर प्राझिक्वांटेलच्या दोन-तीन दिवसांच्या औषधाने माणूस बरा होतो. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की टीबीचा रिपोर्ट पुन्हा पुन्हा निगेटिव्ह येतोय आणि खोकला हटत नाहीये अशा पेशंटला एकदा विचारा, बाबा रे खेकडे कसे खातोस.

कसे खातोस हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाऊस सुरू झाला की ताम्हिणीच्या रस्त्याला, लोणावळ्याकडे, गड्यांच्या हातात दोरीला बांधलेले खेकडे विकायला असतात आणि आपण हौसेने आणतो. रस्सा करताना नांग्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये कच्च्याच वाटून, पाणी घालून गाळून तो रस रश्शात ओततात, चव त्यातच असते. रस्सा खदखदून उकळतो तेव्हा त्यातला कृमी मरतो. पण तोच पाटा, तेच मिक्सरचं भांडं, तेच हात नुसते पाण्याखाली धरून लगेच ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली, कांद्याची कोशिंबीर चिरली, तर? जपान-कोरियात लागण अशीच भांडी, सुऱ्या आणि हातांवरून झाल्याचं दिसलंय. लिंबू, व्हिनेगर, दारू यांनी ही अळी मरत नाही, चीनमध्ये दारूत मुरवलेले खेकडे खाऊन लोक आजारी पडतात. फ्रीजचंही तसंच, अमेरिकेत कच्च्या खायच्या माशासाठी उणे २० अंशांना ७ दिवस असा दंडक आहे, घरच्या फ्रीजचा वरचा खण रोज वीस वेळा उघडतो, त्यावर विसंबू नका. पाटा-मिक्सर उकळत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, चटणी-कोशिंबीर आधी करून ठेवा, खेकडे शेवटी. एवढं केलं तर खेकड्याचा रस्सा बिनधास्त खा, मीही खाते.

पुण्याकडे याबाबतीत जे आहे ते दुसऱ्या शहराकडे एकत्र सापडणं कठीण. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मोठे एनएमआर चुंबक आणि ते चालवणारी माणसं, जवळच आयसर ही विज्ञान संशोधन संस्था, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र, विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, आणि घाट उतरून गेलं की रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय. मला सुचतंय ते असं की दोन खाड्या आणि सह्याद्रीतले दोन-तीन ओढे निवडावेत, वर्षभर दर महिन्याला सॅम्पल घ्यावं. सॅम्पल बाजारातून नको, काढल्या जागीच, काठावर द्रवरूप नायट्रोजनची टाकी नेऊन लगेच गोठवायचं, नाहीतर वर सांगितलं तसं ट्रकमधली रात्रच मोजत बसू. प्रत्येक प्राण्याचा एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली, एक पेप्सिनमध्ये, एक एनएमआरला, एक डीएनएला. शेवटी तोच माल गोणीत भरून पुण्यापर्यंत आणायचा आणि पुन्हा मोजायचा, म्हणजे प्रवासाने काय बदललं तेही वेगळं काढता येईल. सगळे आकडे कोणालाही बघता येतील असे खुले ठेवायचे. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना यात मजुरी देऊन घ्या, कुठल्या पट्ट्यातली तिसरी पोकळ लागते, कुठल्या महिन्यात मांस पाणचट होतं हे त्यांना जितकं कळतं तितकं आमच्या कुठल्याच विद्यार्थ्याला कळत नाही, आणि पोकळ लागणारा पट्टा म्हणजे कृमी शोधायला सुरुवात करायची जागा असू शकते.

आमच्या कॉलेजातल्या एमएस्सीच्या मुलांना प्रोजेक्टसाठी विषय हवेच असतात, अर्क काढणं, पेप्सिनची गाळणी, शिंपल्याची मापं घेणं एवढं काम आम्ही आनंदाने करू, चुंबक मात्र मोठ्या संस्थेचंच लागेल. वरच्यापैकी कोणत्याही संस्थेतल्या जाणकारांनी हे पत्र वाचलं आणि यात काही करता येईल असं वाटलं तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी पुढच्या आठवड्यात जाऊन भेटायला तयार आहे. आणि तुम्हाला एक विनंती, पावसाळ्यात ते काडीचे व्हिडिओ पुन्हा फिरायला लागले की खाण्याच्या पानावर क्रिस्टलाइन स्टाइलचा एक चांगला मोठा फोटो छापा, खाली दोन ओळी टाका की हा किडा नाही.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका
कोथरूड, पुणे